संकटकाळातील ख्रिस्ती भरवसा (बेळगाव सीमाभाग)

आजारपण, घरातला मृत्यू, कर्ज, पूर अशा प्रसंगी देवावरचा भरवसा टिकवण्यासाठी, आणि तो ढळला तर पुन्हा उभा करण्यासाठी, ख्रिस्ती कुटुंबे व मंडळ्या (एकत्र उपासना करणारे समुदाय) पाळत आलेल्या प्रथा. प्रस्तुत नोंद कर्नाटकाच्या सीमाभागातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजापुरती आहे: बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि लगतचा हल्याळ परिसर. येथे मराठी, कन्नड आणि कोकणी एकाच अंगणात नांदतात. एखाद्या घरी गीत मराठीत झाले आणि वचन कन्नडमध्ये वाचले गेले तर कोणाला नवल वाटत नाही.

संकट आले म्हणजे पापाची शिक्षा झाली, हे बायबल सरसकट मानत नाही. अपार दुःख सोसणाऱ्या ईयोबाला त्याचे मित्र नेमके तेच ऐकवत बसतात आणि अखेर देवाचा कोप त्यांच्यावरच होतो. याकोबाच्या पत्रात परीक्षेतून धीर उपजतो असे म्हटले आहे, आणि रोमकरांस लिहिताना प्रेषित पौल संकटापासून आशेपर्यंतची वाट दाखवतो. उपदेशांत हे उतारे हमखास येतात. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे मात्र त्या मानाने मागे राहतात. तेराव्या स्तोत्राचा कर्ता देवाला ‘किती काळ?’ असे चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवाने आपल्याला का सोडले, ही वधस्तंभावरची येशूची आरोळीसुद्धा बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. गाऱ्हाणे देवापाशीच नेणारा माणूस अजून त्याला धरून आहे, असा या परंपरेचा अर्थ घ्यावा लागतो.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेचे काम 1820 मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले. 1904 मध्ये ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले. कॅथलिकांचा संबंध गोव्याशी जुना असून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) 1953 मध्ये झाला. प्रॉटेस्टंट घरांतल्या भक्तीला मराठी वळण देण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांचा वाटा मोठा. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-भजनांत आणली, त्यामुळे दुःखाच्या घरात पेटी-टाळांवर म्हणता येईल असे काही हाताशी आले.

प्रॉटेस्टंटांमध्ये या प्रथांचे खरे ठिकाण म्हणजे घर. कोणी दवाखान्यात आहे असे कळले की संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना ठेवतात. दारात चपलांचा ढीग, आत चटया, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, भिंतीला टेकलेली वयस्कर माणसे. एक-दोन गीते, शास्त्रपाठ (बायबलवाचन), मग पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, थोडके बोलणे. त्यानंतर प्रार्थनेचे विषय विचारतात, आणि इथे लोक मोकळे होतात: मुलाची परीक्षा, सुनेचे बाळंतपण, सोसायटीचा हप्ता, शेताचा वाद. ज्याचे त्याचे नाव घेऊन प्रार्थना होते. शेवटी चहा. माणूस बरा होऊन घरी आला की उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. तेव्हा ऐपतीप्रमाणे चहासोबत कुंदाही येतो. यांशिवाय उपासप्रार्थनाही असते.

साक्ष देणे हा त्यातलाच एक भाग. देवाने आपल्याला कसे तारले हे उभे राहून सांगायचे. एकाची आठवण दुसऱ्याच्या अडचणीत कामी यावी, हा त्यामागचा हेतू. यातली उणीवही नोंदवायला हवी. साक्षीसाठी बहुधा तोच उठतो ज्याचे दुखणे बरे झाले, ज्याचे कर्ज फिटले; ज्याच्या घरातून तिरडी उठली तो मागे बसून ऐकतो. बरे करण्याची हमी देणाऱ्या सभांमुळे ही दरी आणखी रुंदावते. गुण आला नाही की दोष रोग्याच्या विश्वासाला लावला जातो, म्हणजे ईयोबाच्या मित्रांचेच बोलणे पुन्हा. म्हणून जाणते पाळक आधीच बजावतात: प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करू नका.

कॅथलिक घरांत हेच काम जपमाळ, नवस आणि नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतात. जुने गोवे येथे 24 नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना असते आणि 3 डिसेंबरला सण. त्या दिवसांत बेळगाव-खानापूरकडचे भाविक घाट उतरून पायी जातात. नवस फेडायला जाणारे त्यात असतात, तसेच अजून मागणे मागायचे आहे असेही. हल्याळ भागातील ख्रिस्ती सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा) समाजही कॅथलिक परंपरेतला आहे.

अलीकडची संकटे सामूहिक होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या पुराने जिल्ह्याची दैना केली. 2020 चा शुभ शुक्रवार (10 एप्रिल) आणि ईस्टर (12 एप्रिल) टाळेबंदीत गेले. एरवी येशूची वधस्तंभावरची सात वचने ऐकायला भरणारी उपासनामंदिरे बंद राहिली आणि प्रार्थना फोनवर आल्या. डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटक विधानसभेने धर्मांतराविरोधी विधेयक मंजूर केले. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन दाखवून केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरवले, आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना तीस दिवस आधी कळवण्याची अट घातली. घरी प्रार्थना ठेवणे हा गुन्हा नाही. पण आजारी शेजाऱ्यासाठी, तो ख्रिस्ती नसताना, त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी का, याचा विचार मंडळीला आता दोनदा करावा लागतो.