कॉईल बसवली, मग पुन्हा एमआरआय कशाला?

आमच्या स्कॅन सेंटरच्या फोनवर हा प्रश्न हमखास येतो. डोकं दुखत नाही, चर्चगेट लोकलने ऑफिसला जाणं सुरू झालंय, मग परत मशीनमध्ये का शिरायचं?

मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यात, म्हणजे ॲन्युरिझममध्ये, प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी, म्हणजेच कॉईल, भरलेली असतात. रक्ताचा मारा फुग्याच्या तोंडावर रात्रंदिवस चालूच राहतो. काही जणांची वेटोळी त्याने आत दबतात आणि तोंडाशी पुन्हा जागा होते. हे सहसा दुखत नाही, जाणवत नाही, स्कॅनवरच दिसतं. म्हणून पहिली तपासणी बहुधा सहा महिन्यांच्या सुमारास. पुढच्या तारखा तुमचे न्यूरोसर्जन ठरवतील, आम्ही नाही.

कॉईल असेल तर बहुतेक वेळा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय मशीनवरच रक्तवाहिन्यांचं चित्रण, करतात, बऱ्याचदा इंजेक्शनशिवायच. सीटीत प्लॅटिनममुळे चित्रभर पट्टे उमटतात. क्लिपचं, म्हणजे ऑपरेशन करून फुग्याच्या तोंडाला लावलेल्या चिमट्याचं, उलट: एमआरआयमध्ये तिच्याभोवती काळा डाग पडतो, म्हणून सीटी अँजिओ. त्यात डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलं जाणारं द्रव्य) देतात, तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधीच सांगा. डीएसए, म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी, रुग्णालयातच होते.

क्लिप असूनही एमआरआय सांगितला असेल तर क्लिपची कंपनी आणि मॉडेल लिहिलेला ऑपरेशनचा कागद लागेल. टायटॅनियमची अडचण नसते, पण पूर्वीच्या काही स्टीलच्या क्लिपा चुंबकाने हलू शकतात. खात्री होईपर्यंत आम्ही आत घेत नाही, मग कोणी कितीही चिडो.

जुनी सीडी मात्र विसरू नका. ‘फरक नाही’ असं लिहायला आधीचं चित्र समोर हवं, नुसत्या रिपोर्टने भागत नाही. गेल्या पावसाळ्यात गिरगावच्या एका काकूंनी माळ्यावरून काढून आणलेल्या फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवताना चित्रच खरवडलं गेलं. नशीब, साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीच्या तळाशी सीडी निघाली.

मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवा. रक्तवाहिनीत स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर (जाळीची नळी) बसवलेल्यांनी ‘उद्या स्कॅन आहे’ म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. तसं करून आलेले लोक आम्ही पाहिलेत.

आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं ठणकलं, तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.