कॅशबॅक क्रेडिट कार्डाची निवड (कोल्हापूर)

कॅशबॅक क्रेडिट कार्ड म्हणजे केलेल्या खर्चाचा ठराविक टक्का परत देणारं कार्ड. काही कार्डं हे पैसे थेट पुढच्या बिलातून वजा करतात, काही पॉइंटच्या रूपात देतात आणि आपण ते वळते करून घ्यायचे, तर ॲमेझॉन पे आयसीआयसीआयसारख्या कार्डावर ते ॲमेझॉन पेच्या बॅलन्समध्ये येतात, म्हणजे नाव कॅशबॅक असलं तरी हातात रोख येईलच असं नाही. कार्ड घेण्याआधी पहिलं हेच विचारावं.

कोल्हापुरात कार्ड निवडताना मेट्रो शहरातल्या लोकांनी केलेल्या याद्या जशाच्या तशा चालत नाहीत. त्या याद्या ऑनलाइन किराणा, फूड डिलिव्हरी आणि कॅब यांच्यावर उभ्या असतात. आपल्याकडं महिन्याचा किराणा गल्लीतल्या दुकानात खात्यावर, भाजी कपिलतीर्थ नाहीतर लक्ष्मीपुरीच्या मंडईत, रविवारचं मटण ठरलेल्या दुकानातनं, दूध घरपोच नाहीतर गंगावेशीत कट्ट्यावर. म्हणजे खर्चाचा मोठा भाग रोख किंवा क्यूआरवर जातोय आणि जाहिरातीतला ५ टक्क्यांचा आकडा त्याला लागूच होत नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक, सगळ्या ऑनलाइन खरेदीवर जास्त टक्का देणारी. कॅशबॅक एसबीआय कार्ड हे त्यातलं ओळखीचं, २०२२ मध्ये आलं, ऑनलाइन ५ टक्के आणि दुकानात १ टक्का, वर्षाची फी ९९९ रुपये अधिक जीएसटी आणि वर्षात २ लाख खर्च झाला तर फी माफ, अशा अटींवर ते प्रसिद्ध झालं. दुसरा प्रकार एकाच कंपनीशी बांधलेला, म्हणजे ॲमेझॉन पे आयसीआयसीआय (२०१८, वार्षिक फी नाही) किंवा फ्लिपकार्ट ॲक्सिस (२०१९). तिसरा प्रकार रुपे कार्डांचा (रुपे म्हणजे व्हिसासारखं, पण आपलं देशी कार्ड नेटवर्क), जी यूपीआयला जोडता येतात, आणि कोल्हापूरकरांनी सगळ्यात आधी बघावा तो हाच, कारण रोजचे पैसे तिथंच जातात.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर चालायला लागलं २०२२ च्या सप्टेंबरपासून. दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करायचा, खात्याऐवजी कार्ड निवडायचं, पिन टाकायचा, झालं. पण क्यूआर व्यापारी खात्याचा पाहिजे. मंडईत भाजीवाल्या मावशींनी पोराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर पुठ्ठ्यावर चिकटवलेला असला तर कार्डाने पैसे जात नाहीत, कारण माणसाकडून माणसाला क्रेडिट कार्डाचे पैसे पाठवायला परवानगी नाही. पैसे आले की बोलणारा तो छोटा स्पीकर जिथं ठेवलेला असतो तिथला क्यूआर बहुतेक वेळा व्यापारी असतो, तेवढी खूण लक्षात ठेवली तरी काउंटरवर खोळंबा होत नाही. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर कमिशन बसत नाही, त्यामुळे तिथं कोणी कुरकुर करत नाही. मोठ्या रकमेसाठी कार्ड मशीनवर घासायला गेलं की मात्र काही दुकानांत "वर दोन टक्के लागतील" असं ऐकू येतं, आणि १ टक्का परत मिळवायला २ टक्के जादा देणं म्हणजे सरळ तोटाच की, तिथं यूपीआय नाहीतर रोख बरी.

आता हिशोब. राजारामपुरीतलं चौघांचं घर धरू, महिन्याचा खर्च ३०,००० : किराणा ८,०००, दूध-भाजी-मटण ७,०००, पेट्रोल ३,०००, वीज-गॅस-मोबाईल ४,०००, शाळा ३,००० आणि ऑनलाइन खरेदी ५,०००. ऑनलाइन ५ टक्क्यांच्या कार्डावर ऑनलाइनचे २५० आणि किराणा कार्डाने भरला तर ८० मिळतात. पेट्रोल, बिलं आणि शाळेची फी अशा कार्डांवर सहसा वगळलेली असते. म्हणजे महिना ३३०, वर्षाला ३,९६०. कार्डावरचा खर्च १ लाख ५६ हजार, फी माफीला पुरत नाही, म्हणून जीएसटीसकट साधारण १,१७९ वजा केले की राहिले २,७८० च्या आसपास. याच घराने बिनफीचं, यूपीआयवर सरसकट १ टक्का देणारं रुपे कार्ड घेतलं आणि किराणा, ऑनलाइन आणि व्यापारी क्यूआरवर होणारी ४,००० ची दूध-भाजी त्यावर टाकली तर १७,००० वर १७० म्हणजे वर्षाला २,०४०. पहिलं कार्ड पुढं आहे. पण ऑनलाइन खर्च ५,००० ऐवजी २,००० असला तर पहिल्यात फी जाऊन वर्षाला ९८० च राहतात आणि दुसऱ्यात १,६८० मिळतात, सगळं गणित उलटं होतंय. म्हणून मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून कुठं किती गेले ते वहीत लिहावं आणि मगच कार्ड ठरवावं, शेजाऱ्याला फायद्याचं पडलेलं कार्ड आपल्याला पडेलच असं नाही.

बारीक अक्षरातल्या अटी दोन जागी बघायच्या. एक म्हणजे दर महिन्याची कमाल मर्यादा, तिच्या पुढं कितीही खर्च केला तरी कॅशबॅक नाही. दुसरी वगळलेल्या खर्चांची यादी : इंधन, वॉलेट भरणं, घरभाडं, ईएमआय, आणि बऱ्याच कार्डांवर सोनं, विमा, सरकारी भरणा. म्हणजे गुजरीतल्या सराफाकडची लग्नाची खरेदी किंवा महापालिकेचा घरफाळा कार्डावर टाकून मोठं घबाड मिळेल असं धरून चालू नये. पेट्रोलवर बहुतेक कार्डं १ टक्का सरचार्ज (कार्डाने भरल्याचा जादा आकार) माफ करतात, ती माफी असते, त्याला कमाई समजू नये. बँका या अटी मधेच बदलतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर परत एकदा बघायचं.

व्याजाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण घरं इथंच अडचणीत येतात. पूर्ण बिल वेळेत भरलं तर व्याज शून्य. २०,००० च्या बिलातले फक्त किमान देय (कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम) १,००० भरले तर उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७८५ रुपये. हा कमीत कमी आकडा, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वरच्या घराचे दोन महिन्यांचे कॅशबॅक एका फटक्यात गेले. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

ज्यांचं घर उसाच्या बिलावर चालतं त्यांनी हे जास्त जपावं. कारखान्याचे पैसे हंगामात, हप्त्याने येतात, कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला हजर. खात्यात दोन महिन्यांचा खर्च पडून नसेल तर दुकानातलं ओळखीचं खातंच बरं, तिथं बिनव्याजी थांबतात. पगाराची स्लिप नसल्याने अर्ज नाकारला जात असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा रस्ता आहे. ठेवीवर व्याज चालू राहतं आणि नियमित भरणा केला की सिबिल स्कोअरही (कर्ज वेळेत फेडतो की नाही हे बँकेला दाखवणारा आकडा) तयार होतो. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं सहसा सांगतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही, देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय दंड लावता येत नाही आणि बिलाची तारीख एकदा तरी आपल्या सोयीने बदलून मागता येते, पगार किंवा दूध संघाचं बिल जमा होतं त्याच्या पुढची तारीख घ्यायची. कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, थकबाकी नसेल तर, बँकेला सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्जाची पोच मेलवर मागून घ्यावी.