तंबूतले निखारे आणि हिमोग्लोबिनची पकड

धूर येतोय तोवर शेगडी बाहेर. निखारे लाल झाले, धूर बसला, की शेगडी तंबूच्या आत. थंडीत मुक्काम करणारे अनेकजण असंच ठरवतात, आणि झोपेत माणसं दगावल्याच्या बातम्यांमागे बरेचदा हाच निर्णय असतो. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणजे निदान बाहेर तरी काढतो. मारणारा वायू वेगळा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि कोळसा शांत दिसायला लागतो तेव्हाच तो सर्वांत जास्त मोकळा सुटतो.

शेगडीच्या तळाशी हवा भरपूर मिळते, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशाच्या थरातून जातो. तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर कोळशातला कार्बन त्याच्याकडून ऑक्सिजनचा एक अणू ओढून घेतो आणि एका रेणूच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. भर पेटलेल्या निखाऱ्यांवर फिकट निळी ज्योत नाचते, ती हाच वायू जळत असल्याची. पुढे राख बसते, ज्योत विझते. वायू तयार होतच राहतो, फक्त आता तो न जळता बाहेर पडतो.

किती कोळसा पुरेसा होतो? दोघांच्या तंबूत अंदाजे २ घनमीटर, म्हणजे २००० लिटर हवा असते. तिच्यात ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड व्हायला २ लिटर वायू लागतो. एक ग्रॅम कार्बन पूर्णपणे कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलला तर बरोबर तेवढाच वायू होतो. प्रत्यक्षात सगळा कार्बन असा जळत नाही. दहावा हिस्सा धरा, तरी १० ग्रॅम कोळसा झाला. शेगडीत याच्या कितीतरी पट कोळसा असतो. कापडातून आणि फटींतून थोडा वायू निसटतो हे खरं, पण कापड ओलं झालं किंवा त्यावर बर्फ धरला की तेही जवळजवळ बंद होतं.

याच हिशेबातून आणखी एक समज खोटा ठरतो: दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली आहे. ते १० ग्रॅम जळायला सुमारे १९ लिटर ऑक्सिजन खर्च होतो, आणि तंबूत तो ४२० लिटर असतो. म्हणजे प्रमाण २१ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. मेणबत्ती साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. आतली माणसं बेशुद्ध पडली तरी ती छान जळत राहील.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला रेणू, हिमोग्लोबिन. त्याच्यात लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. कार्बन मोनॉक्साइड नेमका त्याच जागी बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट घट्ट असते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात स्वतः हा वायू हुंगून आणि स्वतःचं रक्त तपासून या चढाओढीचा अभ्यास केला. रक्तात या दोन वायूंचं प्रमाण काय राहील, हे हवेतलं त्यांचं प्रमाण गुणिले पकडीतला हा फरक असं ठरतं. २१ टक्के ऑक्सिजन भागिले २१० केलं की ०.१ टक्का येतो. म्हणजे हवेत हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर शेवटी निम्मं हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जातं. फुप्फुसाच्या आत ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहूनही जास्त. हा तोल साधायला काही तास लागतात, आणि झोपलेला माणूस ते तास त्याला देतो.

पण निम्मं हिमोग्लोबिन गेलं एवढ्यानेच माणूस कोसळायला नको. तीव्र पंडुरोगात हिमोग्लोबिन निम्म्यावर येतं, तरी रोगी दमत-थांबत हिंडतो. फरक आहे तो ऑक्सिजन सोडण्यात. हिमोग्लोबिनचा रेणू दोन आकारांत राहू शकतो. ताठ आकारात ऑक्सिजनवरची पकड ढिली असते, सैल आकारात घट्ट. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर इतका असतो. तिथे चारही जागा भरतात आणि रेणू सैल आकारात जातो. स्नायूंपाशी दाब ४० च्या आसपास उतरतो, एखादा ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे रेणू ताठ आकाराकडे झुकतो आणि उरलेले ऑक्सिजन आणखी सहज सुटतात. आता चारांतल्या एका-दोन जागांवर कार्बन मोनॉक्साइड बसला आहे असं समजा. तो सुटत नाही, म्हणून रेणू सैल आकारातच अडकून राहतो आणि शेजारच्या जागांवरचे ऑक्सिजनही धरून ठेवतो. भरलेल्या जीपमध्ये दारापाशी बसलेला प्रवासी हलत नाही, म्हणून आतल्यांनाही उतरता येत नाही, तसं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण तो मेंदूला आणि हृदयाला मिळत नाही.

मग जीव घाबरा होऊन जाग का येत नाही? धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने, आणि तो तर श्वासाबरोबर नेहमीसारखा बाहेर जात असतो. मानेतल्या रोहिणीजवळचे संवेदक रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब बघतात, हिमोग्लोबिनवरचा साठा बघत नाहीत. तो दाबही जवळजवळ ठीकच असतो, त्यामुळे शरीराची धोक्याची घंटा वाजतच नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो. तो तांबड्या आणि अवरक्त अशा दोनच प्रकाशलहरींवरून अंदाज बांधतो, आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन बसल्यासारखंच दिसतं. गंभीर विषबाधेतही आकडा ९८ दिसू शकतो.

शेगडीशेजारी पाण्याचं भांडं ठेवलं की विषारी वायू पाण्यात जातो, हा सल्ला आजही छातीठोकपणे फिरतो. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो. ओलं फडकं, तोंडावरचा मास्क, कुंडीतलं झाड, यांपैकी कशाचाही उपयोग नाही. असे सल्ले पुढे पाठवणाऱ्याला खडसावून थांबवावं.

गॅसच्या चुलीवर निळी ज्योत असेल तर धोका कमी, पण भांड्याकडे लक्ष हवं. ज्योत थंड तळाला टेकली की तिथेच गारठते आणि ज्वलन अर्धवट राहतं. बर्फ वितळवताना हे हमखास होतं. बर्नरपेक्षा फार मोठं भांडं ठेवलं, किंवा वाऱ्यासाठीचा पत्रा चुलीला चिकटवून लावला, तरी तेच. ज्योत पिवळी पडली, भांड्याला काजळी धरली, की चूल लगेच बंद करावी. १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या तळावर एकटे राहिलेले अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड चुलीच्या आणि जनरेटरच्या वायूने मरता मरता वाचले. उंच डोंगरावर आणखी एक फसगत होते: तिथे ऑक्सिजन विरळ म्हणून कार्बन मोनॉक्साइडचं पारडं जड होतं, आणि डोकेदुखी-मळमळ ही लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात.

कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, भिंतीतले आणि जमिनीतले झरोके थंडी येते म्हणून बोळे कोंबून बंद करू नयेत. जमिनीतली भोकं स्वयंपाकाच्या गॅससाठी असतात, कारण तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच वजनाचा, म्हणून तो सगळीकडे सारखा मिसळतो. हीटरचं किंवा गॅसवरच्या फ्रिजचं धुराडं बर्फाने, पानांनी किंवा बाहेर जोडलेल्या कापडी मांडवाने झाकलेलं नाही ना, हे रोज बघावं. जनरेटर किमान ६ मीटर लांब, धूर उलट्या दिशेला. शेजाऱ्याचा जनरेटर कुठे आहे तेही पाहावं. गाडी सुरू ठेवून झोपू नये. मागची नळी बर्फात, चिखलात किंवा बांधाला टेकून रुतली की धूर थेट आत येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक आणि कॅराव्हॅन किंवा बोटीसाठी त्याचा भाग २ लिहिला आहे का बघा. असा अलार्म दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर ६० ते ९० मिनिटांत, १०० असेल तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० असेल तर ३ मिनिटांच्या आत वाजतो. तो झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, चूल-हीटरसारख्या उपकरणापासून १ ते ३ मीटरवर लावावा. चुलीच्या बरोब्बर वर नको. आतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून मागे छापलेली मुदत तपासावी. टेस्टचं बटण दाबल्याने बॅटरी आणि भोंगा कळतो, संवेदक जिवंत आहे की नाही हे बहुतेक अलार्ममध्ये कळत नाही. तंबूत अलार्म ठेवावा, पण त्याच्या भरवशावर शेगडी आत घेऊ नये; ओल आणि कडाक्याची थंडी त्याला मानवत नाही. उबेसाठी जमिनीपासून तोडणारी जाड मॅट, कोरडे कपडे आणि बाहेर पाणी तापवून भरलेली रबरी पिशवी पुरते.

सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पाय लटपटले, सोबतचा कुत्राही मलूल झाला आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते जेवणातून झालेलं नाही असं धरून चाला. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग मदत बोलवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला ४ ते ६ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर ६० ते ९० मिनिटं. म्हणून बरं वाटलं तरी रुग्णालयात जावं आणि ‘कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ असं स्पष्ट सांगून रक्ताची तपासणी मागावी. गर्भवती असेल तर जराही थांबू नये, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा उशिरा निघतो. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं अशी लक्षणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही उमटतात. तेव्हा डॉक्टरांना त्या रात्रीबद्दल सांगायला हवं.