सान जेन्नारोचा उत्सव : मलबेरी स्ट्रीटवरील हिशेबाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत, म्हणजे इटालियन स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीत, दर सप्टेंबरमध्ये अकरा दिवस भरणारा सान जेन्नारोचा उत्सव आज इटालियन खाण्यापिण्याचा उत्सव म्हणून ओळखला जात असला, तरी 1926 साली तो नेपल्सच्या संरक्षक संताच्या स्मृतिदिनी, म्हणजे 19 सप्टेंबरला, एकाच दिवसापुरता सुरू झाला. मलबेरी स्ट्रीटवर कॉफीची दुकाने चालवणाऱ्या नेपल्सकर कुटुंबांनी रस्त्यातच एक छोटे देवघर उभारले, मूर्तीला सोडलेल्या फितींना भाविकांनी नोटा टाचाव्यात असे सांगितले आणि जमलेली रक्कम वस्तीतील गरजूंना वाटली. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या टाचलेल्या नोटांमध्ये आहे.

उत्सवाचा आरंभकाळही लक्षात घेण्याजोगा आहे. 1924 च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्या स्थलांतरितांचा वार्षिक कोटा 3,845 वर आणला होता, त्यामुळे वस्तीला गावाकडून येणारा नव्या माणसांचा ओघ जवळजवळ आटला होता. त्यापूर्वी वस्तीची वाटणी प्रांतांनुसार असे : मलबेरीवर नेपल्सचे लोक, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे, मॉट स्ट्रीटवर कालाब्रियाचे. आपण सारे ‘इटालियन’ ही जाणीव, आणि तिच्याबरोबर ‘इटालियन जेवण’ ही कल्पनाही, बरीचशी अमेरिकेतच घडली. दक्षिण इटलीतील गरीब घरात मांस सणासुदीलाच शिजे. मलबेरीच्या मांडवात मात्र मिरच्या-कांद्यांबरोबर परतलेले सॉसेज हाच मुख्य पदार्थ ठरला. गरम तेलातून काढलेले झेप्पोले (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) कागदी पिशवीत घालून, त्यावर पिठीसाखर टाकून, पिशवी हलवून हातात देण्याची पद्धत तेथे आजही टिकून आहे.

वाइनची गोष्ट थोडी निराळी. उत्सव सुरू झाला तेव्हा दारूबंदी होती आणि वाइन उघडपणे विकता येत नव्हती. परंतु घरच्यापुरता फळांचा रस आंबवण्याला कायद्यात पळवाट होती आणि वर्षाला 200 गॅलनपर्यंतचे उत्पादन चालवून घेतले जाई. त्यामुळे कॅलिफोर्नियाची जाड सालीची, गडद रंगाची द्राक्षे रेल्वेने न्यूयॉर्कला येत आणि इमारतींच्या तळघरांत पिंपे भरली जात. 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर ही गरज उरली नाही, तरी घरी वाइन करण्याची सवय अनेक कुटुंबांनी पुढे कित्येक वर्षे जपली.

उत्सवाच्या इतिहासातील निर्णायक वर्ष मात्र 1995 होय. धर्मादाय उपक्रम म्हणून परवाना मिळालेल्या या उत्सवात दुकानांच्या जागांचे भाडे गोळा होई, पण त्यातला फारच थोडा वाटा चर्चपर्यंत व गरजूंपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या पैशावर माफियाचा डोळा आहे, असा संशय तपासयंत्रणांना अनेक वर्षे होता. बाहेरचा देखरेख करणारा नेमा, अन्यथा परवानगी विसरा, अशी भूमिका महापौरांनी घेतली. हे महापौर स्वतः इटालियन वंशाचे होते; त्यामुळे समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवले जात असल्याची तक्रार नेहमीच्या आवेशाने करणे अवघड झाले, तरी ती झालीच. जुन्या आयोजकांना बाजूला सारून 1996 मध्ये उत्सव नव्या ना-नफा संस्थेकडे गेला आणि त्याच वर्षीच्या फेडरल आरोपपत्रात उत्सवाच्या पैशावर हात मारल्याचा मुद्दाही आला.

हिशेबाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीयच होता. गरिबांच्या नावावर गोळा केलेला पैसा भलत्यांच्या खिशात जात असेल, तर भावनेची ढाल पुढे करणाऱ्यांची बाजू लंगडीच पडते. परंतु त्याची दुसरी बाजू फारशी बोलली गेली नाही. जागा कोणी कोणाला द्यायची, शेजाऱ्याकडून किती घ्यायचे, कोणाला सवलत द्यायची हे जोवर गल्लीत ठरत होते, तोवर त्यात लबाडीला जसा वाव होता तसा ओळखीपाळखीलाही होता. देखरेख आल्यावर जागेचे भाडे हा व्यवहार झाला आणि जो भाडे भरेल त्याला जागा मिळू लागली. इटालियन पदार्थांच्या शेजारी इतरांचे पदार्थ आणि कोणत्याही जत्रेत मिळणाऱ्या वस्तू दिसतात, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

वस्तीही बदलत होती. 1950 च्या सुमारास तेथील जवळजवळ निम्मे रहिवासी इटालियन वंशाचे होते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. 2010 मध्ये चायनाटाउन आणि लिटल इटली यांची मिळून एकच ऐतिहासिक परिसर म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, यातच बरेच काही आले. पुढच्याच वर्षी मलबेरीच्या उत्तर भागातील नव्या, महागड्या दुकानांच्या मालकांनी धूर, वास आणि गर्दी यांना कंटाळून उत्सव वाटेत मध्येच लागणाऱ्या केनमेर स्ट्रीटपाशी थांबवण्याची मागणी केली. नगर प्रशासनाने ती मान्य केली नाही आणि मांडव पूर्वीप्रमाणेच कॅनालपासून ह्यूस्टन स्ट्रीटपर्यंत पडत राहिले.