पॅराडॉक्सचे प्रश्न आले कुठून

देवदत्त चांगला जाडजूड आहे पण दिवसा काहीच खात नाही. मग जाड कसा? रात्री खात असणार. क्रिटिकल रीझनिंगमधे, म्हणजे प्रवेशपरीक्षांतल्या युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांत, पॅराडॉक्सचे, म्हणजे वरवर न जुळणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ घालायचे जे प्रश्न येतात त्यांचा सगळा साचा या एवढ्याशा उदाहरणात आहे, आणि हे उदाहरण आपल्या मीमांसा या दर्शनातलं, साधारण सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांचं. त्याच्याही आधी शबर या मीमांसकाच्या भाष्यात असंच एक आहे, देवदत्त जिवंत आहे पण घरात नाही, म्हणजे बाहेर कुठेतरी असला पाहिजे. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या, एकीलाही खोटं पाडायचं नाही आणि त्या दोन्ही एकत्र बसतील अशी तिसरी गोष्ट शोधायची. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, म्हणायचे की हे वेगळं प्रमाण (ज्ञान मिळवायचं साधन) वगैरे काही नाही, अनुमानच आहे, आणि हा वाद पुढे शेकडो वर्षं चालला. मला विचाराल तर परीक्षा देणाऱ्याला मीमांसकांची बाजू जास्त कामाची आहे, कारण इथे दिलेल्या माहितीतून निष्कर्ष काढायचाच नसतो, अडलेली गाठ सोडवायची असते.

अमेरिकेत चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने 1903 च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत जवळपास हाच आकार मांडला, की एक चकित करणारी गोष्ट दिसते, पण अमुक खरं असेल तर तीच गोष्ट अगदी साहजिक ठरते, म्हणून ते अमुक खरं असावं असा संशय घ्यायला जागा आहे. याला त्याने अ‍ॅबडक्शन म्हटलं. पेपरमधे "खालीलपैकी कोणतं विधान, खरं असल्यास, ही वरवरची विसंगती सोडवायला सगळ्यात जास्त मदत करतं" असं विचारतात ना, त्यातलं "खरं असल्यास" म्हणजे पर्सचा "अमुक खरं असेल तर"च आहे, म्हणून तो पर्याय खरा आहे की नाही यावर डोकं घालवायचंच नाही.

हे प्रश्न ज्यांत येतात त्या परीक्षा त्यामानाने नवीन. अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठीची एलसॅट 1948 मधे सुरू झाली, बिझनेस स्कूलची परीक्षा 1954 मधे, तिचं जीमॅट हे नाव तर 1976 चं.

या प्रकाराचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र पेपरमधलं नाही, खरं घडलेलं आहे. 1973 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रॅज्युएट अ‍ॅडमिशनला अर्ज केलेल्या पुरुषांपैकी साधारण 44 टक्के घेतले गेले आणि बायकांपैकी 35 टक्के, सरळसरळ भेदभाव वाटावा असे आकडे, पण एकेक डिपार्टमेंट वेगळं काढून बघितलं तर बहुतेक ठिकाणी तसं काही दिसेचना, एकूण कल असलाच तर थोडासा बायकांच्या बाजूने होता. पीटर बिकेल या संख्याशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1975 मधे ही गाठ सोडवली: बायकांचे अर्ज जास्त करून अशा डिपार्टमेंटांकडे जात होते जिथे कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता.

आता याचा प्रश्न बनवून बघा. "बायकांचे मार्क कमी होते" असा पर्याय दिला तर पुष्कळ जण तो टिक करतील, कारण 44 आणि 35 मधला फरक त्याने समजतो, पण मग डिपार्टमेंटमधे फरक का नाही ते तसंच राहतं. "निवड समित्या पक्षपाती होत्या" याचंही तेच. पॅराडॉक्सच्या प्रश्नातले फसवे पर्याय बरेचदा असेच असतात, एकच बाजू समजावणारे, आणि म्हणून पर्याय वाचायच्या आधी दोन्ही बाजू स्वतःच्या शब्दांत म्हणून बघणं फार गरजेचं आहे.

आपल्याकडे यूपीएससी पूर्वपरीक्षेत 2011 पासून सीसॅट, म्हणजे आकलन आणि तर्काचा पेपर, आला आणि लॉ कॉलेजांची प्रवेशपरीक्षा क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर गेली, त्यामुळे असा विचार आता एमबीएवाल्यांपुरता राहिलेला नाही. जीमॅट आणि एलसॅटमधे तर त्याचं वजन वाढलंच आहे. 2023 च्या नव्या जीमॅटमधून सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न, गेले, व्हर्बलमधे, म्हणजे भाषेच्या भागात, फक्त रीडिंग आणि क्रिटिकल रीझनिंग उरलं, आणि ऑगस्ट 2024 पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्स, म्हणजे नियम देऊन मांडणी करायला लावणारी कोडी, काढून त्या जागी लॉजिकल रीझनिंगचा आणखी एक सेक्शन आला, आणि पॅराडॉक्सचे प्रश्न येतात ते याच सेक्शनमधे.