नेवातीम: कोचीच्या ज्यूंचं वाळवंटातलं गाव

भारतीय ज्यू म्हटलं की आपल्याला आधी आठवतात ते बेने इस्राएल, कोकणातले शनवार तेली (तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे), आणि ते साहजिकच आहे, संख्येने तेच जास्त. पण इस्राएलला गेल्यावर ते बरेचसे बीरशेबा, दिमोना, लोद अशा शहरांत राहिले. शेतीची गावं आली कोचीवाल्यांच्या वाट्याला. ताओझ, मेसिलात झिओन, आणि नेगेव वाळवंटातलं नेवातीम.

नेवातीम मुळात हंगेरीच्या ज्यूंचं. ऑक्टोबर १९४६ मध्ये योम किप्पुर या ज्यूंच्या मोठ्या सणाचा उपास सुटला त्याच रात्री, तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांना थांबवायला वेळच मिळू नये म्हणून नेगेवमध्ये एकदम ११ वस्त्या उभ्या केल्या, त्यातली ही एक. १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धात वेढा पडला, पुढे ती माणसं टिकली नाहीत, आणि १९५४ ला तिथे कोचीवाले आले.

त्यांचं येणंही सोपं नव्हतं. केरळातून हत्तीरोग येईल या भीतीने इस्राएली अधिकाऱ्यांनी त्यांना कितीतरी काळ अडवून ठेवलं होतं. अख्ख्या समाजाला असं आजारी धरून लांब ठेवणं मला तरी अन्यायच वाटतो. बरं, हे लोक शेतकरी नव्हतेच, बरेचसे छोटे व्यापारी आणि दुकानदार. त्यांना दिलं काय तर मोशाव, म्हणजे घर नि शेती ज्याची त्याची पण खरेदी-विक्री एकत्र, आपल्या गावच्या सहकारी सोसायटीसारखं. आणि पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिमी, केरळात जूनच्या आठ-दहा दिवसांत एवढा पडून जातो.

तरी गाव टिकलं, आणि माझ्या मते त्यात सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, वाटा मोठा. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सण, लग्नं सगळं तिथेच, बायका वह्यांत हाताने उतरवलेली मल्याळम गाणी म्हणायच्या. आजचं सिनेगॉगही केरळी धाटणीचं आहे, आतलं तोराहचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, कपाट एर्नाकुलमहून आणलेलं.

कोचीवाल्यांपैकी शेतीत नाव निघालं ते एलियाहू बेझालेल यांचं. केरळातल्या चेंदमंगलमचे, १९५५ ला इस्राएलला आले, आधी मेंढ्या राखल्या, मग ग्रीनहाऊसमध्ये फुलं लावून थेट युरोपला पाठवायला लागले. २००६ ला भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला.