आवाज तुझा, पण कव्हर नव्हे

वरातीत पुढं बँड आणि मागं डीजेची गाडी, असं दृश्य आमच्या परभणीकडं अजून अधूनमधून दिसतं. कधीकधी दोघंही एकाच गाण्यावर येतात. बँडची क्लॅरिनेट मुखड्याला जरा जास्तच वर चढते, ढोलवाला अंतऱ्यात आपल्या मनाचा ठेका घालतो. मूळ रेकॉर्डमधला एक सेकंदही त्यात नसतो. मागच्या गाडीवर मात्र मूळ रेकॉर्डच असते. वेग वाढवलेला, खाली बास भरलेला आणि दर अर्ध्या मिनिटाला डीजेचं नाव ओरडून घेतलेलं. आपल्या लेखी दोन्ही ‘तेच गाणं’. पण बँडवाला करतो ते कव्हर आणि डीजे करतो ते रिमिक्स.

हे मला भाच्याला समजावून सांगावं लागलं. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, गळा बरा आहे. त्यानं एक जुनं सिनेमातलं गाणं गाऊन व्हिडिओ टाकला, खाली ‘कव्हर’ असं ठळक लिहिलं, आणि लगेच त्यावर एका कंपनीचा कॉपीराइटचा दावा (क्लेम) आला. रात्री फोन.

“मामा, आवाज तर माझाच हाय. मग क्लेम कामून आला?”

“वाजवलं कुणी?”

“वाजवलं कुणीच न्हाई. ॲपमधून गायकाचा आवाज काढून टाकला अन् त्याच म्युझिकवर गायलो.”

गोम तिथंच होती. वाजवणारे वादक मूळचेच, फक्त गाणारा बदललेला. त्याला वाटत होतं गायक नवा म्हणजे कव्हर. पण मूळ रेकॉर्डचा तुकडा आत आला की ते कव्हर राहत नाही, मग वर आवाज कुणाचाही असो.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही पहिली. ती चाल एका ठरावीक दिवशी, ठरावीक वादकांनी आणि गळ्यानं स्टुडिओत वाजवली-गायली, ते ध्वनिमुद्रण ही दुसरी. कव्हर करणारा तेच बियाणं आपल्या रानात नव्यानं पेरतो. रिमिक्सवाला दुसऱ्याच्या उभ्या सोयाबीनमध्ये विळा घालतो. विचारून घातला तर चोरी नाही, पण पेरणी मात्र त्याची नव्हे.

सिनेमाच्या गाण्यांवर भाच्याशी वाद घातला की तो भलतीकडेच जातो, म्हणून मी त्याला सातासमुद्रापारचं एक गाणं सांगितलं. ‘टेन्टेड लव्ह’. एड कॉब या अमेरिकन गीतकाराचं. १९६४ मध्ये ग्लोरिया जोन्स या गायिकेनं ते रेकॉर्ड केलं, तेही तबकडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूचं गाणं चाललं नाही, मग मागचं कोण ऐकतो! तबकडी पडून राहिली. १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग नावाच्या इंग्लिश डीजेच्या हाती तिची एक प्रत अमेरिकेत लागली. इंग्लंडच्या उत्तर भागात तेव्हा अमेरिकेतल्या न चाललेल्या, विस्मृतीत गेलेल्या सोल गाण्यांवर (तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या गायकीवर) रात्रभर नाचायचं वेड होतं. जितकी तबकडी दुर्मीळ, तितका डीजेचा भाव मोठा. तिथं हे गाणं उचललं गेलं. जोन्सनं १९७६ मध्ये ते पुन्हा गाऊन पाहिलं, पण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते कुठं आलं नाही.

मग १९८१. लीड्सची सॉफ्ट सेल ही दोनच माणसांची जोडी, मार्क आलमंड गाणारा आणि डेव्ह बॉल सिंथेसायझरवाला. त्यांनी गाण्याची चाल धरली, शब्द धरले, बाकी सगळं सोडून दिलं. पितळी वाद्यं गेली, धावता ठेका संथ झाला, पट्टी खाली आली. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अमेरिकेच्या ‘हॉट १००’ यादीत एकूण ४३ आठवडे टिकलं. आज निम्म्या जगाला ते गाणं सॉफ्ट सेलचंच वाटतं. हे अस्सल कव्हर. जोन्सच्या तबकडीतला एक ठोकाही यात नाही.

आता खरी मेख. या जोडीनं त्या तबकडीच्या मागच्या बाजूलाही दुसऱ्याचंच गाणं घातलं, ‘द सुप्रीम्स’ या अमेरिकन गायिकांच्या गटाचं. स्वतः लिहिलेलं एखादं गाणं मागं टाकलं असतं, तर प्रत्येक तबकडीमागं गीतकार-संगीतकार म्हणून त्यांना पैसे मिळाले असते, कारण मागची बाजूही तेवढीच विकली जाते. पण दोन्ही बाजू परक्या, त्यामुळं लेखनाचा सगळा वाटा दुसरीकडं गेला. पहिल्या क्रमांकाचं गाणं असूनही! ‘रेकॉर्ड आपली, गाणं दुसऱ्याचं’ याचा अर्थ काय, हे मला कुठल्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा या एका तबकडीनं नीट शिकवलं.

पुढं २००१ मध्ये मॅरिलिन मॅन्सन या अमेरिकन रॉक गायकानं ते गिटारच्या गडगडाटात गायलं. तेही कव्हर. आणि २००६ मध्ये रिहानाचं ‘एसओएस’ आलं. शब्द वेगळे, गायिकेची चाल वेगळी, नावही वेगळं. पण खाली सॉफ्ट सेलच्या रेकॉर्डमधला सिंथेसायझरचा तुकडा जसाच्या तसा कापून लावलेला. त्या गाण्याच्या लेखकांत एड कॉबचं नाव आहे, आणि कॉब तर १९९९ मध्येच वारला होता. इथं परवानग्या दोन लागतात, चालीच्या मालकाची आणि रेकॉर्डच्या मालकाची. गंमत बघा, मॅन्सन संपूर्ण गाणं गातो तरी रेकॉर्डवाल्याला विचारायचं कारण नाही. रिहाना त्यातली काही सेकंदं घेते, तर दोन दारं ठोठावावी लागतात. भाच्याचं तंतोतंत रिहानासारखं झालं होतं. फक्त त्यानं दार एकही ठोठावलं नव्हतं.

आपल्याकडचा कायदाही हीच रेघ ओढतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात पूर्वी मूळ रेकॉर्डनंतर दोन वर्षं थांबून, सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घेता यायचं. कॅसेटच्या जमान्यात ‘व्हर्जन’ म्हणून जी गाणी निघाली, ती याच वाटेनं. लातूरला मावशीकडं गेलो की गंजगोलाईच्या बाजारातून कॅसेट आणायची हा आमचा नेम. एकदा वर मोठ्ठ्या अक्षरात सिनेमाचं नाव, जुन्या नायकाचा फोटो, असं बघून एक घेतली. तात्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि टेप बंद केला. “हा रफी नव्हं.” गायकाचं नाव आतल्या कागदावर मुंगीएवढं छापलेलं होतं.

२०१२ च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षांची जुनी वाट बंद केली. आता कलम ३१-सी आहे. मूळ रेकॉर्ड निघाल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं. वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही, आणि ‘हे कव्हर आहे’ असं छापायचं. शब्दांत-चालीत तांत्रिक गरजेपलीकडं फेरफार नाही. रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरायची, विको न विको. एखाद्या भाषेतल्या वा बोलीतल्या गाण्यांसाठी हा आकडा कमी करायची तरतूद आहे, कारण ऐकणारेच थोडे असतात. ही सगळी सवलत नव्यानं वाजवून-गाऊन केलेल्या मुद्रणालाच. मूळ टेप कापून लावणाऱ्याला या कलमात जागा नाही, त्यानं थेट मालकाशी बोलायचं.

आणि वरात? ती वेगळीच. कलम ५२ मध्ये धार्मिक विधीची सूट आहे आणि त्यात लग्नाची मिरवणूकही मोडते. म्हणून तिथं बँडनं वाजवलं काय आणि डीजेनं रेकॉर्ड लावली काय, वाजवण्याबद्दल दोघंही मोकळे. पण डीजेनं तेच मिक्स पेनड्राइव्हवर भरून विकलं की सूट संपली.

शब्दांचा घोळ आणखी एक. २००० नंतर टीव्हीवर ‘रिमिक्स’ म्हणून जी जुनी गाणी धडधडायची, त्यांतली कित्येक नव्या मुलींनी नव्यानं गायलेली होती. म्हणजे नाव रिमिक्स आणि काम कव्हरचं. चालीवर आपले शब्द बसवणं हा तिसरा प्रकार. भजनी मंडळं आणि जयंतीचे कलापथकवाले ते पिढ्यानपिढ्या करत आलेत, त्याचं इथं काढत नाही.

भाच्याला म्हणालो, ढोलकीवाला शोध. त्यानं शोधला, हार्मोनियम स्वतः धरली आणि वसतिगृहाच्या खोलीत पंखा बंद करून सगळं नव्यानं रेकॉर्ड केलं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की सिनेमाच्या गाण्यात चाल आणि रेकॉर्ड अशी कुलपं दोन असली, तरी दोन्ही चाव्या बहुतेक एकाच कंपनीच्या कडोसरीला असतात.

चार दिवसांनी पुन्हा फोन. “मामा, परत क्लेम आला की!”

“काय लिहिलंय, नीट वाच.”

त्यानं वाचलं. या वेळी रेकॉर्डचं नाव नव्हतं. फक्त चालीचं होतं.

“आता बरोबर हाय,” मी म्हणालो. “आता तू कव्हर केलंस.”